व्हिसाची तारीख वेगळी, मुक्कामाची वेगळी

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीतले एक काका परवा संध्याकाळी पासपोर्ट घेऊन आले. प्लॅस्टिकच्या पाकिटातून तो जपून काढला, अमेरिकेच्या व्हिसाचं पान उघडलं आणि तारखेवर बोट ठेवलं. २०३३. "दहा वर्षांचा आहे ना? मग लेकीचं बाळंतपण, बाळाचं उष्टावण, सगळं उरकून आठ महिन्यांनी परत येतो." तिकीट काढण्याआधी ते आले, हे फार बरं झालं. तिथे किती दिवस राहता येतं, हे त्या पानावर लिहिलेलंच नसतं.

आईवडील मुलांकडे जातात तो बहुधा बी-२ व्हिसा. त्यावरची तारीख एवढंच सांगते, की त्या दिवसापर्यंत तुम्ही अमेरिकेच्या विमानतळावर जाऊन आत सोडण्याची विनंती करू शकता. राहायचं किती, हे तिथला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो, आणि दर फेरीला नव्यानं ठरवतो. त्या नोंदीला आय-९४ म्हणतात. मुदत साधारण सहा महिन्यांची मिळते. पासपोर्टच आधी संपत असेल, तर ती त्याहून कमीही मिळू शकते. २०१३पासून विमानानं येणाऱ्यांना या नोंदीचा कागद हातात मिळत नाही. सरकारी वेबसाइटवर पासपोर्टचा नंबर टाकून ती पाहावी लागते. घोळ होतो तो इथेच. खरी तारीख कॉम्प्युटरमध्ये राहते आणि डोळ्यांसमोर असते ती व्हिसावरची.

उलट बाजूही लक्षात घ्या. व्हिसा महिनाभरात संपणार असेल आणि आज आत गेलात, तरी सहा महिने मिळू शकतात. व्हिसा मध्येच संपला म्हणून धावत परत यायची गरज नाही.

आय-९४ची तारीख एका दिवसानं जरी ओलांडली, तरी हातातला दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो. १८०हून जास्त दिवस बेकायदा राहून बाहेर पडलात, तर तीन वर्षं पुन्हा प्रवेश नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात, तर दहा वर्षं. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. खरोखर जास्त राहावं लागणार असेल, तर मुदत संपायच्या आत आय-५३९ हा अर्ज भरायचा आणि कारण नीट लिहायचं. माझं तर सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे, की पोहोचलात त्याच दिवशी लेकीला किंवा मुलाला आय-९४ काढायला सांगा, तिचा प्रिंट घ्या आणि फ्रिजवर चिकटवा.

विमाही याच तारखेशी जोडा. बी-२वर जाणाऱ्याला अमेरिका विमा सक्तीचा करत नाही, म्हणून काही जण तो काढतच नाहीत. तिथल्या हॉस्पिटलचं बिल पाहता हा धोका पत्करू नये. मुदतवाढीचा अर्ज केलात, तर पॉलिसीही संपायच्या आत वाढवून घ्या. बीपी, शुगर आधीपासून असेल, तर त्याबद्दलचं कलम एजंटच्या तोंडून ऐकू नका, स्वतः वाचा. कॅनडात मात्र आईवडील, आजीआजोबांसाठीच्या सुपर व्हिसाला किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा आरोग्य विमा लागतोच. त्या बदल्यात एका फेरीत पाच वर्षांपर्यंत राहता येतं. साध्या व्हिजिटर व्हिसावर ही मुदत बहुधा सहा महिनेच असते.

आत येण्याची आणि राहण्याची, या दोन परवानग्यांमधला फरक सगळ्यात लख्ख दिसतो तो थायलंडमध्ये. पन्नाशीपुढच्या परदेशी माणसाला बँकेत ८ लाख बात (तिथलं चलन) किंवा महिना ६५ हजार बात उत्पन्न दाखवून तिथे निवृत्तीचा मुक्काम करता येतो, आणि तो वर्षावर्षानं वाढवून घेता येतो. पण असा वाढवलेला मुक्काम चालू असताना री-एंट्री परमिट, म्हणजे परत आत येण्याची परवानगी, आधी न घेता चार दिवसांसाठी जरी ठाण्याला आलात, तरी तो तिथेच संपतो. परमिटची फी एका फेरीला १,००० बात, अनेक फेऱ्यांना ३,८०० बात. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलेल्या आईवडिलांनाही एका वर्षापेक्षा जास्त काळ इकडे राहायचं असेल, तर असं परमिट लागतं. त्याचा अर्ज तिथे असतानाच करावा लागतो. इथे आल्यावर आठवून उपयोग नाही.

काकांनी माझ्याच भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं आणि महिने मोजले. आता काकू आधी जातील, बाळंतपणाला. काका मागून उष्टावणाच्या सुमारास जातील आणि काकूंची मुदत संपायच्या आत दोघं मिळून परत येतील.