पहिलं वर्ष, नवी जागा आणि मेंदूतलं पुटामेन

कॉलेज सुरू झालं की पहिल्या आठवड्यात सभागृहात एक व्याख्यान हमखास होतं आणि त्यात येल विद्यापीठाची गोष्टही हमखास येते. १९५३ च्या तुकडीतल्या फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं कागदावर लिहून ठेवली होती आणि वीस वर्षांनी त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांपेक्षा जास्त निघाली, अशी ती गोष्ट. कधी येलच्या जागी हार्वर्ड येतं. मुळात असा अभ्यास झालेलाच नाही. १९९० च्या दशकात पत्रकारांनी माग काढला, तेव्हा त्याची कुठेच नोंद सापडली नाही.

तरी एफवायची मुलं नव्या वहीच्या पहिल्या पानावर यूपीएससी, एमएस, स्वतःचा स्टार्टअप असं काहीबाही लिहितात. गणपती होईपर्यंत ते पान मागे पडतं आणि मुलं स्वतःला आळशी ठरवून मोकळी होतात. हे पाहून मला खरंच वाईट वाटतं. कारण रोजच्या सवयीच्या कृती मेंदूचा जो भाग चालवतो, त्याच्यापर्यंत वहीतलं ध्येय पोहोचतच नाही.

२०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. सिनेमाला आलेल्यांपैकी काहींना ताजं पॉपकॉर्न दिलं, तर काहींना आठवडाभर शिळं. शिळं बेचव लागतंय हे खाणाऱ्यांना कळत होतं. तरीही ज्यांना सिनेमा पाहताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळंही ताज्याइतकंच खाल्लं. त्याच सवयीच्या माणसांना सिनेमागृहाऐवजी मीटिंगच्या खोलीत बसवलं, तर ती शिळं कमी खात. आणखी गंमत म्हणजे, सिनेमागृहातच पण नेहमीच्या नव्हे तर दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तरीही शिळं कमी खाल्लं गेलं.

याचं मूळ उंदरांवरच्या प्रयोगांत आहे. कळ दाबली की खाऊ मिळतो, हे उंदीर शिकतो. मग त्या खाऊसोबत लिथियम क्लोराइड देऊन त्याला खाऊची मळमळ आणतात. थोडाच सराव झालेला उंदीर यानंतर कळ दाबायचं बरंचसं सोडतो. पण शेकडो वेळा कळ दाबलेला उंदीर, नकोशा झालेल्या खाऊची ती कळ दाबतच राहतो. १९८२ साली ॲडम्स या संशोधकाने हे दाखवलं.

मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग असतो. त्यातलं कॉडेट हे केंद्र कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सशी (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर) जोडलेलं असतं आणि ‘हे केलं तर काय मिळेल’ याचा हिशोब ठेवतं. शेजारच्या पुटामेनचं नातं मात्र संवेदना आणि हालचालींच्या कॉर्टेक्सशी. कॉर्टेक्सकडून ग्लुटामेट या रसायनाचा संदेश येतो आणि त्याच सुमारास मध्यमेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागाकडून डोपामिन हे दुसरं रसायन येऊन पडतं, तेव्हा नुकतीच वापरली गेलेली जोडणी बळकट होते. बक्षीस अपेक्षेपेक्षा जास्त असेल तेव्हा डोपामिनची ही उसळी मोठी असते. पुन्हा पुन्हा असं घडलं की समोरची खूण आणि कृती थेट जोडल्या जातात. बक्षिसाने जोडणी पक्की केली, पण तयार झालेल्या जोडणीत बक्षिसाची किंमत कुठेच नोंदलेली नसते. २००४ मध्ये संशोधकांनी उंदरांमधला पुटामेनशी जुळणारा भाग निकामी केला, तेव्हा भरपूर सराव झालेले उंदीरही नकोशा खाऊची कळ दाबायचं कमी करू लागले! इतकी स्वच्छ उत्तरं मेंदूविज्ञानात क्वचित मिळतात.

आता पहिल्या वर्षाचं महत्त्व लक्षात येईल. परभणीहून पुण्याच्या हॉस्टेलवर आलेल्या मुलीची खोली बदलते, जेवणाची वेळ बदलते, संध्याकाळची सोबत बदलते. म्हणजे पुटामेनच्या जुन्या खुणा एका झटक्यात गायब. २००५ मध्ये मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ बदललेल्या विद्यार्थ्यांच्या व्यायामाच्या, वर्तमानपत्र वाचण्याच्या आणि टीव्ही पाहण्याच्या सवयी तपासल्या. नव्या ठिकाणी परिस्थिती पूर्वीसारखीच राहिली, तर जुनी सवय टिकली. परिस्थिती बदलली, तर सवय तुटली आणि वागणं पुन्हा माणसाच्या इराद्यावर चालू लागलं. ही संधी थोडेच आठवडे असते. कॉटवर आडवं पडून रात्री रील्स पाहणं महिनाभर चाललं की कॉट हीच खूण होते.

इरादा खुणेशी बांधायचा कसा, यावर जर्मनीत मानसशास्त्रज्ञ गोल्वित्झर यांनी १९९७ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. नाताळची संध्याकाळ कशी गेली, यावर विद्यार्थ्यांनी दोन दिवसांत टिपण लिहून पाठवायचं होतं. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवलं, त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी ते वेळेत पाठवलं. नुसतं ‘पाठवतो’ म्हणणाऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश. म्हणून ‘यंदा इंग्रजी सुधारणार’ यापेक्षा ‘मेसमधून उठलो की थेट वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलावर दोन पानं’ हे वाक्य कितीतरी कामाचं.

हे सगळं फुकट आहे. उलट बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणाऱ्या चाचण्यांसाठी पालक हजारो रुपये मोजतात. ठशांची रेषारचना आईच्या पोटातच पक्की होते. मूल पुढे वकिली शिकेल की वनस्पतिशास्त्र, याची माहिती त्यात असूच शकत नाही. अशा चाचण्यांचे स्टॉल कॉलेजांनी आवारात लावू देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

‘२१ दिवसांत सवय’ हेही सोडून द्यावं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांनी एकेक नवी सवय निवडली आणि १२ आठवडे रोज नोंद ठेवली. कृती आपोआप होऊ लागायला कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा ६६. रोज पेलाभर पाणी पिणं लवकर अंगवळणी पडतं, व्यायामाला जास्त वेळ लागतो. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. एका सत्रात साधारण ९० दिवस अध्यापन असतं, म्हणजे एखादी साधी सवय पहिल्याच सत्रात बसू शकते. मध्ये दिवाळीची सुट्टी येते, घरच्या खोलीत जुन्या खुणा जशाच्या तशा असतात आणि तिथे जुनं वागणं परत येणं स्वाभाविक आहे. परत आल्यावर वेळ आणि टेबल मात्र तेच ठेवावं, नवं वेळापत्रक आखत बसू नये.