घाटावरून गुरं आणताय? कागद तिकडेच करून घ्या

पावसाच्या तोंडावर आपली कोकणातली माणसं कोल्हापूर-सांगलीच्या बाजारातून बैल, म्हशी आणतात आणि कुणीतरी घाटात अडकतंच, गाडीत गुरं तहानलेली आणि मालक फोनवर ओळखी शोधतोय. म्हणून आधीच सांगते, आरोग्य दाखला जनावर जिथून निघतं तिथल्या सरकारी गुरांच्या दवाखान्यातून घ्यायचा असतो. गाडी आंबा घाट किंवा गगनबावडा उतरल्यावर आपल्या तालुक्याचे डॉक्टर मागल्या तारखेचा दाखला देऊ शकत नाहीत, त्यांच्याशी हुज्जत घालून काय होणार.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते कानातल्या बिल्ल्यावर. १ जून २०२४ पासून राज्यात १२ आकडी टॅगशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद आहे, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय, पण नुसता बिल्ला कानात असून भागत नाही, त्याची सरकारच्या भारत पशुधन पोर्टलवर नोंद लागते. जनावर दोन-तीन हात फिरलेलं असेल तर नोंद कुठल्यातरी जुन्याच मालकाच्या नावावर असते. व्यापारी म्हणतो घेऊन जा, नाव मागाहून होईल. कृपा करून ऐकू नका. एकदा पैसे हातात पडले की तो फोन उचलत नाही आणि तुम्ही इकडे दवाखान्यात खेपा घालत बसता. व्यवहाराच्या आधी नंबर दवाखान्यात दाखवून नाव, जात, वय, लसी तपासून घ्या. बिल्ला पडला असेल तर विकणाऱ्याने तिथेच नवीन मारून, नोंद करून द्यायचा.

दुसरा घोळ २८ दिवसांचा. २०२२ ला लम्पीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी येणाऱ्या रोगाची, मोठी साथ आली तेव्हा वाहतुकीसाठी लस टोचून २८ दिवस झालेले असावेत अशी अट होती, आणि लोक समजायचे की गेल्या २८ दिवसांत टोचलेली चालते. नेमकं उलटं आहे! लस लागू पडायला दोन-तीन आठवडे जातात आणि आत रोग असेल तर तो बाहेर दिसायलाही चार आठवडे लागू शकतात, म्हणून ती मुदत. म्हणजे बाजाराच्या दिवशी लस टोचून संध्याकाळी गाडी भरली तर ते त्या नियमातही बसत नव्हतं आणि जनावराच्याही फायद्याचं नाही. साथ असली की जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याखाली नियंत्रित क्षेत्र जाहीर होतं आणि अटी बदलतात, म्हणून निघायच्या आधी दोन्ही तालुक्यांच्या दवाखान्यात विचारा, आपल्या एकट्याच्या नको. लाळ्या-खुरकुताची नोंद वेगळी बघा, लम्पीच्या लशीत ती येत नाही.

दाखल्यावर "बैल नग ४" एवढंच लिहून घेऊ नका, प्रत्येकाचा टॅग नंबर हवा, ग्रामपंचायतीच्या विक्री दाखल्यावरसुद्धा. गाडीचा नंबरही त्याच कागदावर घालून घ्या. बाजाराची पावती जपा. एका ट्रकमध्ये मोठी गुरं सहापेक्षा जास्त नाहीत, ड्रायव्हर काहीही म्हणू दे.

घरी आणल्यावर लगेच गोठ्यात बांधू नका हो. मांगर (शेतातली खोपी) असेल तर तिथे, नाहीतर घरापासून लांब एखादी पडवी, निदान तीन-चार आठवडे, बादली-दावं वेगळं आणि आपल्या गुरांचं सगळं उरकल्यावरच तिकडे जायचं. आपल्याकडे पावसात माश्या, डास, गोचीड किती होतात ते ठाऊक आहे, लम्पी मुख्यतः त्यांच्यामुळे पसरतो. ताप, अंगावर गाठी, तोंडातून लाळ, यातलं काही दिसलं तर १९६२ ला फोन करा. दवाखान्यात कळवलं तर आपली गुरं उचलून नेतील अशी भीती काही जणांना वाटते आणि ते लपवतात, तोवर अख्ख्या वाडीतली जनावरं आजारी पडलेली असतात. नव्या जनावराची नोंद तुमच्या नावावर आणि इकडच्या गावात झाली का, तेही त्याच आठवड्यात दवाखान्यात जाऊन बघून या.