क्लासिक स्पोर्ट्स कारमधील इंजिनबदल आणि गाडीचे मूल्य

जुन्या स्पोर्ट्स कारच्या मूळ इंजिनात केलेल्या सुधारणांमुळे, किंवा ते उतरवून दुसरे इंजिन बसवल्यामुळे, गाडीच्या किमतीत पडणाऱ्या फरकाचा विचार या नोंदीत केला आहे. नव्या गाडीत जास्त ताकदीच्या इंजिनाला जास्त पैसे मोजावे लागतात. क्लासिक गाडीत हे गणित बहुधा उलटे होते. गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी ती आज किती शिल्लक आहे, यावर तिचा भाव ठरतो आणि त्या हिशेबात इंजिनाचा वाटा सर्वांत मोठा असतो. ओतकाम आणि लेथकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कोल्हापुरात या विषयाला कारागिरीचीही बाजू आहे. मूळ ब्लॉक (सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा ओतीव सांगाडा) वाचवायचा की टाकून द्यायचा, हा निर्णय येथे पुष्कळदा शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये, मिस्त्रीच्या शब्दावर होतो आणि गाडीचे पुढचे मोल त्याच क्षणी ठरून जाते.

मॅचिंग नंबर्स

चासी, इंजिन आणि शक्यतो गिअरबॉक्स यांवरचे क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळत असतील, तर त्या गाडीला संग्राहक ‘मॅचिंग नंबर्स’ गाडी म्हणतात. जॅग्वार ई-टाइपमध्ये (१९६१–७४) इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच सिलिंडर हेडवरही (ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणावरही) असतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रमांकाच्या शेवटी येणारा ८ किंवा ९ हा आकडा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, सांगतो. जॅग्वारच्या वारसा संस्थेकडून मूळ नोंदीचे प्रमाणपत्र मिळते आणि फेरारीही आपल्या जुन्या गाड्यांची अशीच तपासणी करून प्रमाणपत्र देते. दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांपैकी एकीचे मूळ इंजिन हरवलेले असेल, तर रंग, चामडे आणि क्रोम कितीही चकचकीत असले तरी ती गाडी भावात मागे राहते.

क्रमांक वाचताना दोन प्रकारच्या खुणांत गल्लत होऊ नये. ओतकामात साच्यातूनच येणारा क्रमांक उठावदार असतो आणि तो त्या नमुन्याच्या सर्व ब्लॉकवर सारखा असतो. इंजिन जोडल्यावर ठोकलेला क्रमांक खोल असतो आणि तो त्या एकाच इंजिनाचा असतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हा फरक बोट फिरवूनही कळतो, परंतु गाडी विकत घेणाऱ्या अनेकांना तो माहीत नसतो आणि ओतीव क्रमांक दाखवून ‘मूळ इंजिन’ म्हणून गाडी खपवली जाऊ शकते. शेवरोलेच्या ब्लॉकवर ओतल्याची तारीखही असते: आधी महिन्याचे अक्षर (जानेवारीसाठी ए, फेब्रुवारीसाठी बी), मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक. ब्लॉक ओतल्याची तारीख इंजिन जोडल्याच्या तारखेआधीची आणि इंजिन जोडल्याची तारीख गाडी तयार झाल्याच्या तारखेआधीची हवी. हा क्रम उलटा निघाला, तर इंजिन मागाहून आलेले आहे हे उघड होते.

सर्वांत मोठे नुकसान पुष्कळदा चांगल्या हेतूने होते. शेवरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा क्रमांक ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाला लागूनच, उजव्या हेडच्या पुढे असलेल्या एका लहान सपाट जागेवर ठोकलेला असतो. गॅस्केट नीट बसावे म्हणून हा पृष्ठभाग मशीनवर घेतला, की लोखंडाच्या पातळ थराबरोबर क्रमांकही निघून जातो आणि कारखान्याच्या यंत्राने उमटवलेल्या बारीक समांतर रेघाही पुसल्या जातात. जाणकार परीक्षक याच रेघा भिंगाखाली पाहतात. क्रमांक पुन्हा ठोकता येतो, रेघा हुबेहूब उमटवणे फार कठीण असते. शिवाय पुन्हा ठोकलेल्या क्रमांकामुळे इंजिन खरे असूनही गाडी संशयाखाली येते. म्हणून ब्लॉक मशीनवर चढवण्यापूर्वी सर्व खुणांचे जवळून फोटो घेणे आणि क्रमांकाची जागा वगळून काम करण्याची स्पष्ट सूचना देणे आवश्यक आहे.

बदलांची प्रतवारी

झीज भरून काढणाऱ्या दुरुस्तीने किंमत घटत नाही. वीस किंवा तीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालणे, बोअर फारच वाढले असेल तर लायनर (सिलिंडरच्या आत बसणारी नवी नळी) बसवणे, क्रँक ग्राइंड करणे ही कामे जुन्या इंजिनाच्या आयुष्याचाच भाग समजली जातात. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाल्यावर जुन्या हेडमध्ये कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवणेही याच प्रकारात मोडते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, ॲल्युमिनियमचा रेडिएटर किंवा डायनामोच्या जागी अल्टरनेटर हे बदल बोल्ट सोडून परत काढता येतात. काढलेले मूळ भाग गाडीबरोबर दिले, तर खरेदीदार सहसा हरकत घेत नाही.

इंजिनच बदलले, तर चित्र पालटते. ट्रायम्फ स्टॅग (१९७०–७७) हे त्याचे बोलके उदाहरण आहे. तिचे मूळ तीन लिटरचे व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन गरम होण्यासाठी इतके बदनाम झाले, की अनेक मालकांनी ते काढून रोव्हरचे साडेतीन लिटरचे व्ही-८ बसवले. चालवायला त्या गाड्या निर्धोक होत्या, तरीही आज मूळ ट्रायम्फ इंजिन असलेल्या स्टॅगलाच अधिक भाव मिळतो, कारण त्या इंजिनाची दुखणी आता नीट समजली आहेत आणि दुरुस्त करता येतात. ब्रिटिश एमजी कंपनीच्या एमजीबी या गाडीच्या बाबतीत कारखान्यानेच १९७३ ते १९७६ या काळात रोव्हरचे व्ही-८ घातलेली जीटी (बंद छपराची आवृत्ती) बनवली. मात्र चार सिलिंडरच्या एमजीबीत तेच इंजिन खासगी गॅरेजमध्ये बसवले, तर तिला कारखान्याच्या व्ही-८ गाडीचा मान मिळत नाही. १९६२ साली एसी या इंग्रजी कंपनीच्या गाडीत फोर्डचे व्ही-८ घालून अमेरिकी शर्यतपटू कॅरोल शेल्बी यांनी कोब्रा घडवली, तेव्हा तो संकर हेच तिचे मूळ रूप ठरले. कोणी, केव्हा आणि कोणत्या हक्काने बदल केला, याला म्हणूनच इतके महत्त्व आहे. त्या काळातल्या शर्यतींसाठी केलेल्या आणि कागदोपत्री सिद्ध होणाऱ्या बदलांनी गाडीची किंमत वाढूही शकते.

एकाच कुळातले इंजिन हा मधला प्रकार आहे. डॅटसन २४०झेडमध्ये २.४ लिटरच्या इंजिनाऐवजी त्याच मालिकेतले २.८ लिटरचे इंजिन चासी न कापता बसते, आणि मूळ इंजिन जपून ठेवले असेल तर नुकसान मर्यादित राहते. पोर्शे ९११चा एक वेगळाच बाजार आहे: कॅलिफोर्नियातील सिंगर या कंपनीने नव्याने घडवलेल्या ९११ मूळ गाडीपेक्षा कितीतरी महाग विकल्या जातात. पण ती किंमत त्या कंपनीच्या कारागिरीला आणि नावाला असते. तसाच बदल दुसरीकडे केला म्हणून ती मिळेल, असे धरून चालणे धोक्याचे आहे.

भारतातील परिस्थिती

उदारीकरणापूर्वी परदेशी गाडीचे सुटे भाग मिळणे दुरापास्त होते. पेट्रोल परवडत नाही म्हणून मोठ्या विलायती गाड्यांत टेम्पो-मॅटाडोरसारख्या वाहनांची डिझेल इंजिने घातली गेली. एमजीचीच एमजीए (१९५५) आणि जुनी अ‍ॅम्बेसेडर या दोघींत ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे (बीएमसी) १,४८९ सीसीचे बी-सिरीज इंजिन असल्याने एकीचे इंजिन दुसरीत बसू शकते आणि बॉनेट उघडून पाहणाऱ्याला पटकन फरक कळत नाही. एमजीएची एसयू कार्ब्युरेटरची जोडी त्यावर चढवली असेल, तर मुळीच नाही. अशा बदलांना नावे ठेवणे अन्यायाचे होईल, कारण त्यामुळेच कित्येक गाड्या भंगारात न जाता रस्त्यावर राहिल्या. बाजार मात्र ही कणव दाखवत नाही आणि मूळ इंजिन असलेल्या गाडीलाच पसंती देतो.

कायद्यानेही मूळपणाला वजन दिले आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२नुसार गाडीत तिच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि इंजिन बदलण्यासाठी परवानगी लागते. आरसी बुकातला इंजिन क्रमांक आणि ब्लॉकवरचा क्रमांक जुळत नसेल, तर गाडी नावावर करतानाच अडचण येते. ‘एमएच ०९’ची गाडी घेताना अनुभवी माणूस हे आधी पाहतो. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडीच तिला पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. दुसरे इंजिन घातलेली गाडी येथे अडू शकते, म्हणजे बदलाचा फटका भावाच्या जोडीला कागदांनाही बसतो.

कोल्हापूर परिसर

शाही दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार पाहत मोठ्या झालेल्या कोल्हापूरकरांना जुन्या गाडीचे कौतुक नवे नाही. या जिल्ह्याचा संबंध क्लासिक गाड्यांशी आणखी एका वाटेने येतो. येथील साखर कारखान्यांतून तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते, आणि वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल जुन्या रबरी नळ्या, डायफ्रॅम आणि सील खराब करते. इथेनॉलला जळताना हवा कमी लागत असल्याने कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि इंजिन गरम चालते. नळ्या बदलणे आणि जेट मोठे करणे हे बदल त्यामुळे अपरिहार्य झाले आहेत. मूळ जेट लेबल लावून जपले, तर या बदलांनी मूल्याला धक्का लागत नाही.

तडकलेला ब्लॉक थंड पद्धतीने धातूच्या पिना घालून शिवणे, लायनर बसवणे, वॉटर पंपाच्या घराचा लाकडी पॅटर्न करून ते नव्याने ओतणे या कामांना लागणारे कसब येथे उपलब्ध आहे. नवा ब्लॉकही ओतता येतो, आणि स्वतः जॅग्वारने ई-टाइपमधल्या सहा सिलिंडरच्या जुन्या एक्सके इंजिनाचे नवे ब्लॉक बनवले आहेत. पण संग्राहकाच्या लेखी शिवलेला मूळ ब्लॉक नव्या निर्दोष ब्लॉकपेक्षा मोलाचा असतो. दुर्दैवाने ओतीव लोखंडाचे भंगार हा येथील भट्ट्यांचा कच्चा मालही आहे. बिघडलेले इंजिन कोपऱ्यात पडून राहते, जागा अडते म्हणून किलोच्या भावाने जाते आणि एकदा वितळले की त्या गाडीचे मूळ इंजिन कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

दुसरे इंजिन बसवायचेच असेल, तर मूळ इंजिन गाडीबरोबर ठेवावे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडे बोअर लवकर गंजतात, म्हणून सिलिंडरमध्ये तेल सोडून, प्लग लावून, सर्व तोंडे बंद करून ते जमिनीपासून वर लाकडी चौकटीवर ठेवतात आणि पुढे गाडी विकताना त्या ब्लॉकचा क्रमांक विक्रीच्या करारात स्वतंत्रपणे लिहून घेतात.