न वाजलेली शिट्टी आणि वाजलेला हातोडा

बडोद्यात मराठी घरांतल्या गप्पांत गेल्या एक-दोन वर्षांत फुटबॉलचा रेफरी आणि हवामान परिषद हे विषय पाठोपाठ निघतात. बाहेरच्याला यांचा काय संबंध, असं वाटेल. ऑगस्ट 2024 च्या पुरात बडोद्याच्या कारेलीबागेत तळमजल्यावर राहणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

रेफरीबद्दलचा राग जुनाच आहे. 1986 च्या विश्वचषकात हाताने मारलेला गोल दिला गेला. 2010 मध्ये रेषेच्या चांगला आत पडलेला चेंडू गोल धरला गेला नाही. त्यानंतर गोलरेषेचं तंत्रज्ञान आलं आणि 2018 पासून विश्वचषकात व्हिडिओ तपासणी सुरू झाली. आपल्याकडच्या सर्वोच्च लीगमध्ये मात्र खर्चाचं कारण पुढे करत ती टळत राहिली. 3 मार्च 2023 च्या रात्री बंगळुरूत जे घडलं, त्याच्या मुळाशी हेही आहे.

बंगळुरू विरुद्ध केरळ, बाद फेरीचा सामना, जादा वेळ, 96 वं मिनिट. बंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचा गोलकीपर खांबाशी उभा राहून खेळाडूंची भिंत लावून घेत होता. तेवढ्यात चेंडू मोकळ्या जाळीत गेला आणि रेफरीने गोल दिला. नियम असा, की रेफरीने थांबायला सांगितलं नसेल तर किक शिट्टीची वाट न पाहता झटपट घेता येते. वाद अडकला तो ‘झटपट’ या शब्दावर. केरळचं म्हणणं, रेफरीने आमच्या खेळाडूला चेंडूपासून मागे सरकवलं, म्हणजे अंतर तो स्वतः ठरवत होता. मग ही किक झटपट उरली कुठे? मला शिट्टीही नको आणि भिंतही नको, असं रेफरीला सांगितलं होतं, हे किक घेणाऱ्याचं नंतरचं म्हणणं. मैदानावरच्या बाकी खेळाडूंना हे कोणी सांगितलं, याचं उत्तर त्यात नाही. आम्ही पोरं खेळायचो तेव्हाही थांबायचं असलं की रेफरी बोटाने शिट्टी दाखवायचा. ती एक खूण केली असती तर एवढं रामायण झालं नसतं. केरळचा संघ वीसेक मिनिटं बाकी असताना मैदान सोडून गेला. सामना पुन्हा खेळवण्याची मागणी फेटाळली गेली आणि संघाला 4 कोटींचा दंड झाला. मैदान सोडायला नको होतं, हे मान्य. पण शिक्षा फक्त चिडणाऱ्यालाच झाली, हे इथल्या लोकांच्या मनातून गेलं नाही.

हवामानाच्या वाटाघाटीत ‘सामाईक पण वेगवेगळी जबाबदारी’, म्हणजे जबाबदारी सगळ्यांची पण श्रीमंत देशांची जास्त, हे तत्त्व 1992 मध्ये मान्य झालं. 2009 मध्ये श्रीमंत देशांनी विकसनशील देशांसाठी 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करायचं कबूल केलं. तो आकडा गाठायला 2022 उजाडलं. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत कोळसा ‘हळूहळू बंद’ करण्याऐवजी ‘हळूहळू कमी’ करायचा, हा बदल शेवटच्या घटकेला भारतानेच करून घेतला. बेटांवरचे देश तेव्हा आपल्यावर नाराज झाले, आणि त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. पण तो बदल निदान भर सभागृहात वाचला गेला, आणि निर्णय मंजूर झाल्याचा अध्यक्षांचा हातोडा त्यानंतर पडला.

नोव्हेंबर 2024 मध्ये बाकूच्या परिषदेत उलटं झालं. विकसनशील देश वर्षाला 1,300 अब्ज डॉलरची गरज मांडत होते. मसुद्यात श्रीमंत देशांनी 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्जांची सोय करायची, एवढंच आलं. निर्णयाआधी बोलायचं आहे, असं भारताने कळवून ठेवलं होतं. 24 तारखेच्या पहाटे हातोडा आधी पडला, आणि भारताच्या प्रतिनिधीला बोलायला मिळालं ते त्यानंतर. बंगळुरूची ती किक इथे सगळ्यांना आठवली ती यामुळे.

त्याआधी तीनच महिन्यांवर बडोद्यातली विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली होती, धोक्याच्या पातळीहून नऊ-दहा फूट जास्त. आमच्या बैठकीत फ्रीज आडवा तरंगत होता आणि सोसायटीच्या फाटकापाशी मगर आली म्हणून वरच्या मजल्यावरून ओरडा चालला होता. सगळा दोष बदलत्या पावसावर टाकता येणार नाही. नदीकाठची कोतरं, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या घळी, बुजवून बांधकामं उभी राहिली, हे सगळ्या शहराने पाहिलंय. ती अतिक्रमणं हटवा, नदीची हद्द आखा, असं हरित लवादाने 2021 मध्येच सांगितलं होतं. नदीचं पात्र रुंद करून गाळ काढण्याचं मोठं काम सुरू झालं ते 2025 मध्ये, पूर येऊन गेल्यावर.

आमच्या भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ खिडकीच्या वर आहे. दिवाळीत रंग दिला, तरी पावसाळ्यात ओल धरली की ती पुन्हा दिसते.