हृदयापर्यंत पोचणारे दोन संधिवात

आईला संधिवात आहे म्हणून मुलांच्या हृदयाच्या झडपा तपासून घ्याव्यात का, असा प्रश्न अनेक कुटुंबांत विचारला जातो. दुसरीकडे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेली कितीतरी माणसे 'टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आहे' एवढे कळले की हृदयाची काळजी सोडून देतात. पहिली भीती अनाठायी आहे आणि दुसरा दिलासा धोक्याचा आहे, पण दोन्हींच्या मुळाशी एकच गल्लत आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि ऱ्हुमॅटिक फीव्हर हे दोन आजार एकच समजले जातात. दोन्हींत सांधे सुजतात, दोन्हींत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते, दोन्हींमुळे हृदयाला इजा होऊ शकते आणि दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा आहे. इतके साम्य असताना गोंधळ होणे स्वाभाविक आहे. तरीही इजा हृदयाच्या कोणत्या भागाला होते, कोणत्या वयात होते आणि जनुके त्यात नेमके काय करतात, या तिन्ही बाबतींत हे आजार वेगळे आहेत.

ऱ्हुमॅटिक फीव्हर हा प्रामुख्याने ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांचा आजार आहे. 'अ' गटातील स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि गुडघा, घोटा, कोपर असे मोठे सांधे आळीपाळीने सुजतात. एक सांधा बरा होतो तोवर दुसरा धरतो. ही सूज सहसा कोणतेही व्यंग न ठेवता निघून जाते, आणि म्हणूनच पालक निर्धास्त होतात. मात्र जिवाणूच्या एम प्रथिनाशी हृदयातील काही प्रथिनांचे साम्य असल्याने जिवाणूविरुद्ध तयार झालेला प्रतिकार हृदयावरही चालून जातो. पुन्हा पुन्हा असे झाले की हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील मायट्रल झडपेच्या पाकळ्या जाड होऊन एकमेकींना चिकटतात. त्याचा त्रास पुष्कळदा काही वर्षांनी, कित्येक स्त्रियांना तर पहिल्या गरोदरपणात धाप लागल्यावर, समजतो.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा बहुतांशी प्रौढांचा आजार आहे. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट असते. बोटांचे आणि मनगटाचे लहान सांधे दोन्ही हातांना सारखेच धरतात, सकाळी उठल्यावर तासभर किंवा त्याहून अधिक वेळ हात आखडलेले राहतात आणि उपचार लांबले तर सांधे कायमचे वाकतात. या आजारात क्वचित हृदयाच्या आवरणाला सूज येते, परंतु खरा धोका झडपांना नसून हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना असतो. या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो. संधिवाततज्ज्ञांच्या 'युलार' या युरोपीय संघटनेने तर, ज्या गणितात हा आजार धरलेला नाही अशा कोणत्याही गणिताने काढलेल्या हृदयविकाराच्या धोक्याला १.५ ने गुणावे, अशी शिफारस केली आहे.

हा वाढीव धोका जनुकांतून येतो का? माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त घाईने उत्तर दिला जाणारा प्रश्न हाच आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या प्रवणतेत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ६० टक्के असल्याचा अंदाज जुळ्यांच्या अभ्यासांतून पुढे आला. तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असताना दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण १२ ते १५ टक्केच आढळले. जनुके जवळजवळ तीच असूनही बहुतेक जुळी भावंडे या आजारापासून दूर राहतात, हे आईच्या आजाराने घाबरलेल्या प्रत्येक मुलामुलीला सांगायला हवे.

या प्रवणतेचा सर्वांत मोठा भाग सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए-डीआरबी१ या जनुकाकडे आहे. परक्या प्रथिनांचे तुकडे प्रतिकारपेशींपुढे धरून दाखवणारा रेणू या जनुकापासून घडतो. संशोधक ग्रेगर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये असे मांडले की, या आजाराशी निगडित असलेल्या जनुकाच्या निरनिराळ्या प्रकारांत ७० ते ७४ या स्थानांवरील अमिनो आम्लांचा क्रम जवळपास सारखा असतो. हा क्रम असलेल्या व्यक्तीने धूम्रपान केले, तर फुप्फुसांतील प्रथिनांत जो रासायनिक बदल होतो त्याविरुद्ध अँटी-सीसीपी नावाची प्रतिपिंडे तयार होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. येथवर संबंध सांध्यांपुरता आहे. पुढे स्पेन आणि इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या रुग्णांत असे दिसले की, हाच क्रम असणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते, आणि हा क्रम, धूम्रपान व अँटी-सीसीपी हे तिन्ही एकत्र असलेल्यांना धोका सर्वांत जास्त होता.

एवढ्यावरून 'संधिवाताचे जनुक हेच हृदयविकाराचे जनुक' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ज्यांच्यात हा क्रम असतो त्यांचा संधिवातच मुळात अधिक तीव्र असतो, आणि तीव्र संधिवात म्हणजे रक्तात वर्षानुवर्षे टिकून राहणारा दाह. हा दाह धमन्यांचे अस्तर बिघडवतो आणि तेथे साचलेला मेदाचा थर फुटण्यास मदत करतो. सर्वसाधारण लोकसंख्येत हृदयधमन्यांच्या विकाराशी सर्वांत ठळकपणे जोडला गेलेला गुणसूत्रभाग २००७ मध्ये सापडला. तो नवव्या गुणसूत्रावर आहे आणि संधिवाताच्या प्रमुख जनुकांत त्याला स्थान नाही. म्हणजे बराचसा धोका जनुकाकडून आजाराकडे आणि आजाराच्या दाहाकडून धमनीकडे असा वळसा घेऊन येतो. हा वळसा माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण जनुके बदलता येत नसली तरी दाह औषधांनी आवरता येतो.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि हृदयधमन्यांचा विकार या दोन्हींना थेट स्पर्श करणारी जनुकेही आहेत. इंटरल्युकिन-६ या दाहकारक रेणूच्या ग्राहीचे, म्हणजे तो रेणू पेशीवर ज्याला जाऊन चिकटतो त्या प्रथिनाचे, जनुक हे त्यातले सर्वांत बोलके उदाहरण आहे. या जनुकातील एका नेहमी आढळणाऱ्या बदलामुळे त्या रेणूचा पेशींवरील प्रभाव कमी होतो. हा बदल असलेल्या लोकांत हृदयधमन्यांचा विकार थोडा कमी आढळतो, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणांत दिसले, आणि त्याच बदलाने संधिवाताचा धोकाही किंचित घटतो. संधिवातावर दिले जाणारे टोसिलिझुमॅब हे औषध याच ग्राहीला अडवते.

ऱ्हुमॅटिक फीव्हरमध्ये आनुवंशिकतेची भूमिका निराळी आहे, कारण येथे जिवाणूशिवाय आजार सुरूच होत नाही. स्ट्रेप्टोकोकसने घसा दुखणाऱ्या बहुसंख्य मुलांना हा ताप कधीच येत नाही. काही थोड्यांनाच तो येतो आणि त्यांच्यात जनुकांचा वाटा असतो. एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही हा आजार होण्याचे प्रमाण सुमारे ४४ टक्के, तर भिन्न जुळ्यांत १२ टक्के आढळले आहे. एचएलएच्याच भागाकडे येथेही बोट जाते, पण संबंधित प्रकार निरनिराळ्या लोकसमूहांत निरनिराळे निघतात. शिवाय एका घरात दोन मुलांना हा आजार झाला, तर त्यामागे रक्ताच्या नात्याइतकीच दाटीची खोलीही असू शकते.

या फरकाचा परिणाम तपासण्यांवर होतो. टूडी इकोमध्ये झडपा चांगल्या दिसतात, त्यामुळे ऱ्हुमॅटिक आजाराच्या शंकेत तो निर्णायक ठरतो. हृदयधमन्या चिंचोळ्या झाल्या असल्या तरी विश्रांतीच्या वेळी काढलेला इको नॉर्मल येऊ शकतो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णाला म्हणूनच रक्तदाब, साखर, तंबाखू आणि कोलेस्टेरॉल यांची चौकशी अधिक उपयोगी पडते. त्यातही एक मेख आहे: आजार भडकलेला असताना दाहामुळे रक्तातील कोलेस्टेरॉल कमी दिसते, म्हणून ते आजार शांत असताना मोजावे. या रुग्णांत छातीत न दुखताच हृदयविकाराचा झटका येऊन जाण्याचे प्रमाणही अधिक आढळले आहे. म्हणून नवीन दम लागणे किंवा अकारण थकवा ही तक्रार केवळ सांध्यांच्या खात्यावर टाकू नये.

रक्ताच्या अहवालांचेही तसेच आहे. एएसओ टायटर, म्हणजे स्ट्रेप्टोकोकसविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण, वाढलेला असणे म्हणजे मागे कधीतरी स्ट्रेप्टोकोकसची लागण झाली होती, इतकेच. त्यावरून प्रौढ व्यक्तीला पेनिसिलिनची इंजेक्शने चालू करून ठेवली, तर बोटे वाकवणारा खरा आजार मेथोट्रेक्सेटसारख्या औषधावाचून वाढत राहतो. उलट, ऱ्हुमॅटिक फीव्हर होऊन गेलेल्या मुलाचे सांधे बरे झाले म्हणून दर तीन आठवड्यांचे पेनिड्युअर (दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनचे इंजेक्शन) बंद करणे हा त्याच्या झडपांशी खेळ आहे. ते किती वर्षे चालवायचे हे हृदयाला झालेल्या इजेवर ठरते आणि झडप खराब असेल तर ते दीर्घकाळ, कधी आयुष्यभरही, चालू ठेवावे लागते.

आईला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेल्या मुलांचा तो आजार होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट असतो. मूळ धोका शंभरात एकाच्या आसपास असल्याने बहुतेकांना तो होत नाही, आणि त्यासाठी झडपा किंवा एचएलए तपासून काही हाती लागत नाही. अशा मुलांनी सिगारेट-विडीला हात लावू नये, आणि बोटांची सकाळची आखड सहा आठवडे टिकली तर संधिवाततज्ज्ञाकडे जावे. ज्या घरात एखाद्या मुलाला ऱ्हुमॅटिक फीव्हर झाला आहे, तेथे मात्र भावंडाचा ताप आणि घसादुखी घरगुती काढ्यावर न काढता लगेच डॉक्टरांना दाखवावी, आणि प्रतिजैविक दिले तर दोन दिवसांत बरे वाटले तरी त्याचा कोर्स पूर्ण करावा.