बर्कबेक विषाणू संशोधन गट

बर्कबेक विषाणू संशोधन गट : लंडन विद्यापीठाच्या बर्कबेक महाविद्यालयात १९५३ ते १९६२ या काळात क्ष-किरण विवर्तनाने (पदार्थातून जाताना विखुरलेल्या क्ष-किरणांच्या नमुन्यावरून) विषाणूंची रचना अभ्यासणारा जीवभौतिकीतज्ज्ञांचा लहान गट. प्रमुख रोझालिंड फ्रँकलिन (१९२०–५८) व त्यांच्यानंतर आरन क्लूग (१९२६–२०१८). फ्रँकलिन यांचे नाव सहसा डीएनएच्या संदर्भात घेतले जाते. त्यांचे अधिक दीर्घ व अधिक पूर्णत्वास गेलेले काम मात्र इथले आहे.

गटाचा आरंभ कुठे धरावा याविषयी मतभेद आहेत. जे. डी. बर्नाल व इसिडोर फॅनकुखेन या स्फटिकशास्त्रज्ञांनी १९३६ च्या सुमारास केंब्रिजमध्ये तंबाखूच्या मोझेक विषाणूची क्ष-किरण छायाचित्रे घेतली होती (मोझेक म्हणजे आपल्याकडे शेतकरी ज्याला केवडा म्हणतात त्या वर्गातला रोग). पुढे बर्नाल बर्कबेकला आले. त्यामुळे काही लेखक परंपरा तिथूनच मोजतात. परंतु त्या कामातून कणाची जाडी व आतील नियमितपणा एवढेच हाती आले होते. विषाणूची रचना मळसूत्री असल्याचा पुरावा प्रथम डीएनएच्या रचनेचे एक शोधकर्ते जेम्स वॉटसन यांनी १९५२ मध्ये केंब्रिजमध्ये मिळवला (प्रसिद्धी १९५४), आणि फ्रँकलिन यांच्या कितीतरी सुस्पष्ट छायाचित्रांनी तो पक्का झाला. म्हणून मार्च १९५३, म्हणजे फ्रँकलिन किंग्ज कॉलेज सोडून इथे आल्या तो महिना, आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

प्रयोगशाळा टॉरिंग्टन स्क्वेअरमधील जुन्या राहत्या घरांत होती. फ्रँकलिन यांचे टेबल वरच्या मजल्यावर, क्ष-किरण नलिका तळघरात आणि मध्ये अरुंद जिना. क्लूग १९५३ च्या अखेरीस दुसऱ्याच प्रथिनावर काम करायला इथे आले होते. त्यांच्या सांगण्यानुसार फ्रँकलिन यांची गाठ जिन्यातच पडली, त्यांची छायाचित्रे पाहिली आणि विषय बदलला. जॉन फिंच व केनेथ होम्स हे संशोधक विद्यार्थी १९५५ मध्ये आले.

तंबाखूच्या मोझेक विषाणूचे कण सळईसारखे असतात : लांबी ३०० नॅनोमीटर, जाडी १८ नॅनोमीटर. विषाणूचा दाट द्रव बारीक काचेच्या केशनलिकेत भरून मागेपुढे वाहवला की सळया एकमेकींना समांतर पडतात. मग नळीचे तोंड बंद करून ती क्ष-किरणांच्या झोतात तासन्‌तास ठेवतात. धुतलेल्या फिल्मवर आडव्या रेषांची शिडी उमटते, आणि तिच्यात दर तिसरी पायरी ठळक दिसते. मळसूत्राचा एक वेढा २.३ नॅनोमीटरचा, पण रचना तंतोतंत पुन्हा येते ती तीन वेढ्यांनी, ६.९ नॅनोमीटरवर, असा याचा अर्थ.

या तीन वेढ्यांत प्रथिनाची उपएकके (कवच घडवणारे एकसारखे रेणू) किती, हा खरा वादाचा मुद्दा. वॉटसन यांनी संख्या ३न+१ या स्वरूपाची असल्याचे दाखवले होते, पण ‘न’ ठरत नव्हता आणि आरंभीचे अंदाज कमी निघाले. होम्स व फ्रँकलिन यांनी उपएककातील १५८ ॲमिनो अम्लांपैकी एकमेव सिस्टीनला (गंधकयुक्त ॲमिनो अम्लाला) पाऱ्याचा अणू जोडला. पारा जड असल्याने रेषांची तीव्रता बदलते, आणि पाऱ्याविना घेतलेल्या छायाचित्राशी तुलना केली की त्याची अक्षापासूनची जागा (सुमारे ५.६ नॅनोमीटर) व संख्या दोन्ही मिळतात. उत्तर आले ४९ (१९५८), म्हणजे एका वेढ्यात १६⅓. तीनशे नॅनोमीटरमध्ये सुमारे १३० वेढे, म्हणून उपएकके सुमारे २,१३०. प्रत्येकामागे आरएनएचे (विषाणूच्या आनुवंशिक द्रव्याचे) तीन न्यूक्लिओटाइड, म्हणजे त्याच्या साखळीतले दुवे, धरल्यास ६,३९० होतात. १९८२ मध्ये आरएनएचा क्रम वाचला गेला तेव्हा प्रत्यक्ष आकडा ६,३९५ निघाला.

आरएनए कणाच्या मध्यभागी नसून अक्षापासून सुमारे ४ नॅनोमीटरवर, प्रथिनातच रुतलेले आहे, हे १९५६ मध्ये ठरले. अमेरिकी जीवभौतिकीतज्ज्ञ डोनाल्ड कॅस्पर यांचा अखंड विषाणूचा घनता-आलेख (अक्षापासूनच्या अंतरानुसार घनता दाखवणारा) आणि फ्रँकलिन यांचा आरएनए-विरहित प्रथिनाचा आलेख शेजारी ठेवल्यावर पहिल्यातला एक उंचवटा दुसऱ्यात नाही असे आढळले. कॅस्पर यांच्या आलेखात मध्यभागी पोकळीही दिसली. सर्व कण एकाच लांबीचे असतात हे फ्रँकलिन यांचे १९५५ मधील प्रतिपादन वनस्पती-विषाणूंचे ज्येष्ठ ब्रिटिश अभ्यासक नॉर्मन पिरी यांना मान्य नव्हते व त्यांनी ते कडक शब्दांत कळवले. गटाला मिळणारा ब्रिटनच्या कृषी संशोधन परिषदेचा निधी पुढे आटला त्यामागे पिरी यांचा प्रभाव असावा असे काही चरित्रकार सुचवतात. ते शक्य असले तरी सिद्ध मानता येत नाही. नंतरचे अनुदान अमेरिकेतून आले.

१९५७ मध्ये गट पोलिओ विषाणूकडे वळला. जिवंत विषाणू इमारतीत ठेवण्यास सहकाऱ्यांची हरकत होती, म्हणून त्याच्या साठवणीची सोय लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये झाली. फ्रँकलिन यांचे १६ एप्रिल १९५८ रोजी निधन झाले. दुसऱ्याच दिवशी उघडलेल्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी तयार केलेली मोझेक विषाणूची सुमारे पाच फूट उंच प्रतिकृती होती. तिच्यात सायकलच्या हँडलच्या मुठी वापरल्या होत्या. फिंच व क्लूग यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेला पोलिओ विषाणूवरील निबंध फ्रँकलिन यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.

१९६२ मध्ये क्लूग सहकाऱ्यांसह केंब्रिजच्या रेणवीय जीवविज्ञान प्रयोगशाळेत गेले. गोलसर विषाणूंच्या कवचरचनेचा कॅस्पर–क्लूग सिद्धांत त्याच वर्षीचा. क्लूग यांना १९८२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.