हीटसिंकचे रंगलेपन

हीटसिंकचे रंगलेपन : संगणकातील उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागांना (हीटसिंक, पंखे, रेडिएटर व त्यांची आच्छादने) शोभेसाठी स्प्रे-रंग देण्याची पद्धत. संगणकाच्या कॅबिनेटला पारदर्शक बाजू आली आणि आतले भाग दिसू लागले, तशी ती रूढ झाली. तिचा आरंभ बहुधा १९९० च्या दशकाच्या अखेरीचा असावा. १९९८ च्या रंगीत आयमॅकशी तिचे नाते जोडता येते. परंतु रंग, पॉलिश पेपर आणि मास्किंग टेप हे सारे साहित्य गाड्यांच्या रंगकामातलेच असल्याने त्या हौशेतून ती आली, हे मत अधिक पटते.

काळ्या रंगाचा वाद : काळा हीटसिंक अधिक थंड राहतो, ही समजूत जुनी आहे. पंखा नसलेल्या ॲम्प्लिफायरवरील काळ्या हीटसिंकवरून ती आली असणे शक्य आहे, आणि तिथे तिला आधारही आहे. चकचकीत ॲल्युमिनियमची उत्सर्जकता (उष्णता प्रारणाने बाहेर टाकण्याची क्षमता; कमाल १) सुमारे ०.०५, तर रंगाच्या थराची सुमारे ०.९ असते. पृष्ठभाग ६०° से. व परिसर ३०° से. असल्यास रंगीत पृष्ठभाग दर चौ. मी.ला सुमारे २०० वॉट प्रारणाने टाकतो. स्थिर हवेतील नैसर्गिक अभिसरणाचा (तापलेली हवा वर जाऊन उष्णता नेण्याचा) वाटाही त्याच घरातला असतो. मात्र पंखा लागला की अभिसरण कित्येक पटींनी वाढते. शिवाय समोरासमोरच्या फिन (हीटसिंकच्या पातळ धातूच्या पट्ट्या) एकमेकींचेच प्रारण शोषतात, त्यामुळे हिशेबात फक्त बाहेरचा घेर उरतो. आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते : या तापमानाचे प्रारण अवरक्त असते आणि अवरक्तात साधा पांढरा रंगही जवळजवळ काळ्याइतकाच उत्सर्जक असतो. ॲल्युमिनियमची भुकटी असलेला चंदेरी रंग तेवढा अपवाद. तेव्हा पंख्याच्या हीटसिंकसाठी रंगाची निवड डोळ्यांवर सोडावी.

थराचा रोध : रंगाची उष्णतावाहकता सुमारे ०.२ वॉट प्रति मीटर-केल्व्हिन, म्हणजे ॲल्युमिनियमच्या हजारांश भागाच्या आसपास. तरीही २५ मायक्रॉनचा थर फिनवर फारसे नुकसान करत नाही. १०० वॉट उष्णता अर्ध्या चौ. मी. क्षेत्रावर पसरली, तर त्या थरात तापमानाचा फरक अंशाच्या चाळिसाव्या भागाइतका पडतो. तोच थर प्रोसेसरला टेकणाऱ्या १० चौ. सेंमी. तळावर बसला, तर फरक सुमारे १२.५° से. होतो. सगळी खबरदारी या एका आकड्यात आहे : तळ झाकलाच पाहिजे. टेपची कड नखाने दाबून बसवावी. कडेखालून शिरलेला रंगाचा ओघळ तळाला टेकू देत नाही.

कृती : भाग संगणकातून पूर्ण काढून घ्यावा, जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर व तळ यांमधला उष्णतावाहक लेप) व तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. उघड्या ॲल्युमिनियमवर एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा पहिला थर हवा, नाहीतर पापुद्रे निघतात. २० ते ३० सेंमी. अंतरावरून पातळ हात मारावेत. दाट हात दोन फिनमधली फट बुजवतो आणि हवेची वाट अडते. म्हणून प्रत्येक हातानंतर हीटसिंक उजेडासमोर धरून आरपार दिसते का, ते पाहावे. कोकणपट्टीत पावसाळ्यातल्या दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते. कोरड्या दिवसापर्यंत थांबणे बरे. डब्यातील वायू व द्रावक ज्वालाग्राही असतात. काम उघड्यावर, ज्योत व ठिणगीपासून दूर, सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क लावून करावे. कापडी मास्कचा उपयोग नाही.

हीटसिंक सहसा १००° से.च्या खालीच राहतो, म्हणून भट्टीत पक्का करावा लागणारा उच्चतापी रंग लागत नाही. पावडर कोटिंग (भुकटी रंग भट्टीत वितळवून बसवणे) तर हीटपाइपवर, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या बंद नळीवर करूच नये. त्याला सुमारे १८०–२००° से. लागतात आणि नळीत बहुधा पाणी असते, २००° से.ला पाण्याच्या वाफेचा दाब १५ बारच्या वर जातो, नळी फुगू किंवा फुटू शकते.

पंखे : पात्यांवर कमीजास्त रंग बसला की तोल बिघडतो, कंप सुटतो आणि बेअरिंग झिजते. काही प्लास्टिके द्रावकाने तडकतात, त्यामुळे आधी लपणाऱ्या कोपऱ्यावर थेंब टाकून पाहावा. चौकट रंगवून पाती मूळ रंगाचीच ठेवणे सर्वांत सुरक्षित. पॉवर सप्लायचा पंखा मात्र रंगासाठी उघडू नये : आतील कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही घातक भार राहू शकतो.